बसून केलेला रोवणा

चेक कोसमी गावात धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, हे बायांचं काम. कोणी ठरवलं म्हणून विचारलंत तर गावातला कुठलाही पुरुष आकाशाकडे बोट दाखवील. देव कधी गुडघाभर चिखलात उतरला होता काय, हे विचारायची सोय नाही. बाईने सकाळी नऊला बांधीत, चिखलाच्या खाचरात, उतरायचं, कमरेतून वाकायचं, डाव्या हातात पऱ्ह्यांची म्हणजे रोपांची पेंढी धरायची, उजव्या हाताने चार-चार काड्या चिखलात खोचत मागेमागे सरकायचं आणि संध्याकाळी पाचला कंबर हाताने धरून सरळ करायची. रोज दोनशे वीस. पुरुषाने खाचराच्या कडेच्या धुऱ्यावर उभं राहून पेंढ्या बांधीत फेकायच्या, मधूनमधून "हात चालवा वो बाया" असं ओरडायचं आणि उरलेल्या वेळात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा. रोज साडेचारशे. पुरुषाचं काम जड असतं.

पुरुषाने रोवणा केला तर काय होतं, याचं एकच उदाहरण गावाकडे होतं. पन्नासेक वर्षांपूर्वी नथ्थू नावाच्या एका भल्या माणसाने बायको बाळंत झाली म्हणून दोन दिवस स्वतः वाकून बांधी रोवली. तो मरेपर्यंत त्याला 'रोवणारीन' म्हणत, आणि आज त्याच्या नातवाला 'रोवणारनीचा नातू' म्हणतात. बिचारा नातू आयटीआय झालेला आहे, तरी सुटका नाही.

अशा या गावात जूनमध्ये रोवण्याचं यंत्र आलं. माता महाकाली महिला बचत गटाच्या अकरा बायांनी नऊ वर्षं मोहफुलाचे आणि तेंदूपानांचे पैसे साठवले होते, वर सरकारची सबसिडी मिळाली. सबसिडीची अट अशी की यंत्र बायांच्या गटाच्याच नावाने पाहिजे. ट्रकमधून ते लालभडक यंत्र उतरलं तेव्हा सगळं गाव गोळा झालं. त्याला हँडल होतं, गिअर होते, पेट्रोल लागत होतं, आणि मुख्य म्हणजे त्याला बसायला खुर्ची होती. ती खुर्ची पाहिली आणि गावातल्या यच्चयावत पुरुषांच्या अंगात रोवण्याचं ज्ञान संचारलं. ज्यांनी जन्मात एक काडी खोचली नव्हती ते ओळ किती इंचांवर पाहिजे यावर वाद घालू लागले.

चंदा हे सगळं गर्दीच्या मागून पाहत होती. अडतीस वर्षांची, गटाची सचिव. सोळाव्या वर्षी लग्न होऊन या गावात आली त्याच पावसाळ्यात बांधीत उतरली, ती आजतागायत. रोवणाऱ्या बाईला आपण कुठे चाललो ते कधी दिसत नाही. दिसतो तो दोन पायांमधला चिखल आणि उलटं आभाळ. मे महिन्यात यंत्राचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्याला गटातून ती आणि म्हातारी अंजनाबाई अशा दोघीच गेल्या होत्या. तिथल्या साहेबांनी तिला त्या खुर्चीवर बसवलं, गिअर कसा टाकायचा ते दाखवलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा चंदा बांधीत पुढे गेली. तोंड समोर, पाठ ताठ. मागे वळून पाहिलं तर सहा ओळी सरळ उभ्या. तिला रडू आलं होतं आणि तिने ते साहेबांसमोर पेट्रोलच्या वासावर ढकललं होतं. त्या दिवसापासून तिला ती खुर्ची पाहिजे होती. दुसरं काही नको होतं.

घरी नवऱ्याला तिने हे सांगितलं तेव्हा सुकलू भाकर मोडता मोडता थांबला. सुकलू वाईट माणूस नव्हता. दारू क्वचित, मारझोड कधीच नाही; फक्त जगात प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी असावी एवढीच त्याची माफक अपेक्षा होती, आणि त्याची जागा चंदापेक्षा एक पायरी वर होती.

"मयुरीची माय," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "थे मशीन आहे. मशीन बायाच्या हातात देते काय कोनी?"

"शिलाई मशीन कोनाच्या हातात हाये?"

"त्याले गिअर नसते," सुकलू म्हणाला, आणि मुद्दा संपला असं समजून त्याने डाळ मागितली.

खुर्चीवर पहिला बसला तो पियुष. पियुष म्हणजे भैयाजींचा पुतण्या, आणि भैयाजी म्हणजे चौदा एकर धानाचे धनी, दोनदा सरपंच, गावाच्या प्रत्येक बैठकीत मधोमध बसणारे गृहस्थ. पियुषकडे मोटारसायकल होती, काळा चष्मा होता आणि एवढ्यावर यंत्र चालवता येतं अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. गटाला कोणी विचारलंच नाही. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते पाहायचं असेल तर त्या सकाळी भैयाजींच्या बांधीवर यायला हवं होतं.

या यंत्राची एक खोड आहे. त्याला ट्रेमध्ये, मातीच्या पातळ थरावर पेरलेली, अठराएक दिवसांची, वीतभर उंचीची रोपं लागतात. गालिचासारखी ती पट्टी यंत्रात सरकवायची, मग त्याची लोखंडी बोटं नेमक्या चार काड्या तोडून चिखलात लावतात. हे प्रशिक्षणात पहिल्याच तासाला सांगितलं होतं. पण गावातल्या पुरुषांनी रोपं आजवर धुऱ्यावरून फेकण्यापुरतीच हातात धरलेली. त्यांनी नेहमीच्या वाफ्यातले महिनाभराचे, गुडघाभर उंच, मुळं धुतलेले पऱ्हे आणले आणि पेंढ्याच्या पेंढ्या यंत्रात कोंबल्या.

"भाऊ, थे पऱ्हे नाई चालत याले," चंदा धुऱ्यावरून म्हणाली. "ट्रेमधले लागतेत."

"तू चूप राह्य वो," दोघा-तिघांनी एकदमच सांगितलं.

पियुषने गिअर टाकला. यंत्राने दोन घास घेतले, घशाशी आल्यासारखा आवाज काढला आणि मग जे फेकायला सुरुवात केली ती थांबेना. अर्धे पऱ्हे उलटे, मुळं वर करून उभे राहिले, काही भैयाजींच्या धोतरावर रोवले गेले, आणि पियुषचा चष्मा चिखलात गेला तो आजवर सापडलेला नाही. नाचता येईना अंगण वाकडे. सर्वांनी मिळून असा निष्कर्ष काढला की कंपनीनेच बायांना भंगार माल गळ्यात मारला आहे.

"बायाले फसवनं सोपं असते," भैयाजी धोतर झटकत म्हणाले.

चंदाने आणि अंजनाबाईने बाकीच्या नऊ जणींना घेऊन शेणखत चाळलं, माती चाळली, अंजनाबाईच्या परसात साडेतीनशे ट्रे मांडले आणि धान पेरलं. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. दर चार दिवसांनी पुढचे ट्रे पेरायचे, म्हणजे रोपं खंडायची नाहीत. अठराव्या दिवशी परसात हिरव्या सतरंज्या अंथरल्यासारख्या दिसू लागल्या. चंदाने यंत्र स्वच्छ धुतलं, अंजनाबाईच्या छोट्या बांधीत उतरवलं आणि कोणाला न विचारता अर्धा एकर तासाभरात रोवून दाखवला.

तुम्हाला वाटेल, आता तिला खुर्ची मिळाली. गोष्टीत तसंच असतं. पण गावाने तो अर्धा एकर पाहिला, ओळी पाहिल्या, माना डोलावल्या आणि म्हटलं, "म्हंजे मशीन चांगली हाये तं! मंग पियुषले बसवा आता, ट्रे तयारच हायेत." बाईने करून दाखवलं याचा अर्थ एवढाच निघाला की काम सोपं आहे. चंदाच्या अंगाची लाही लाही झाली.

रोवण्याचे रोज ठरवायची बैठक दरवर्षी मारुतीच्या पारावर होते. धान असलेले सगळे पुरुष पारावर, बाया खाली पायरीशी. भैयाजींनी गळा साफ केला आणि मागच्या वर्षीचेच रोज वाचले, कारण महागाई फक्त पुरुषांच्या खर्ऱ्याला लागते. पेंढ्या फेकणाऱ्याला साडेचारशे. रोवणारणीला दोनशे वीस. सगळे हो म्हणाले.

"अना ऑपरेटरले सातशे," भैयाजी म्हणाले. पियुषने केसांतून हात फिरवला. "मशीनचं काम जोखमीचं असते."

चंदा उभी राहिली. बोलायचं ते तिने मनात कैकदा घोकलं होतं आणि आता त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मग जे तोंडात आलं तेच विचारलं.

"भैयाजी, हे यंत्र बांधीत काय करते जी?"

"काय करते म्हंजे? रोवणा करते."

"मंग रोवण्याचा रोज तं आत्ताच ठरला. दोनशे वीस."

पियुष उसळून म्हणाला, "मी काय रोवणारीन हाओ काय?" आणि मागून कोणीतरी खुसखुसलं. पियुषने मागे वळून पाहिलं तर आयटीआयवाला नातू अगदी गंभीर चेहऱ्याने जमिनीकडे पाहत होता.

पुरुषांची एकी मोठी गोष्ट आहे. तिच्यासाठी लोक जीव देतात. पण पारावर बसलेला प्रत्येक जण पुरुष होता तसाच धानवालाही होता, आणि सातशेतून दोनशे वीस गेले की चारशे ऐंशी उरतात हे प्रत्येकाने तोंडी करून टाकलं. भैयाजींनी पुतण्याकडे पाहिलं, मग आपल्या चौदा एकरांकडे पाहिलं. चौदा एकर जास्त जवळचे निघाले.

"पोरगी बरोबर बोलून राह्यली," ते म्हणाले. "रोवणा तो रोवणा. हातानं करा का मशीननं करा. दोनशे वीस."

"ठेवा मंग तुमची मशीन!" पियुषने पायाने चप्पल शोधली आणि निघून गेला.

"दुसरा कोन बसते?" भैयाजींनी विचारलं. कोणी नखं पाहू लागलं, कोणाला एकदम बैल आठवले. खुर्ची तीच, गिअर तेच, पण दोनशे विसात तिच्यावर बसलं की माणूस नथ्थू होतो हे सगळ्यांना कळत होतं.

"मी बसीन," चंदा म्हणाली.

घरी जाताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते, आणि त्याच वेळी तिला स्वतःचा संतापही येत होता. गुणांनी मिळायला हवी होती ती खुर्ची तिला स्वस्ताईने मिळाली होती. जे दोनशे वीस तिला बावीस वर्षं टोचत होते तेच तिने भर बैठकीत स्वतःच्या तोंडाने मागून घेतले होते. तिने हे अंजनाबाईला बोलून दाखवलं. अंजनाबाई गटाची अध्यक्ष, पासष्टीची, दात तीनच पण ते नेमके मोक्याचे. ती पोटभर हसली.

"अवो येडी," ती म्हणाली, "त्यायनं आपल्या अंगाचा रोज ठरवला. यंत्राचं भाडं कुठी ठरवलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भैयाजी स्वतः अंजनाबाईच्या अंगणात हजर. हल्ली रोवणाऱ्या बाया मिळत नव्हत्या. तरण्या पोरी वरोऱ्याला नाहीतर चंद्रपूरला दुकानांत, शिलाईत लागल्या होत्या, आणि तीन गावांतून ऑटो भरून बाया आणल्या तरी एकरी पाच हजार जात होते.

"चंदाले पाठव उद्यापासून," ते म्हणाले. "रोजचे दोनशे वीस देईन मी तिले. ठरल्यापरमानं."

"ठरलं थे ठरलं, भैयाजी," अंजनाबाई म्हणाली. तिने त्यांना लहानपणी नागडं धुतलं होतं, त्यामुळे ती त्यांना अरेतुरे करायची. "चंदाले हातानं रोवाले बोलावशील तं दोनशे वीस दे. पन तुले यंत्र पायजे ना? थे गटाचं हाये. एकरी चार हजार. ट्रे आमचे, पेट्रोल आमचं, मानसं आमचे."

"चार हजार! अना ऑपरेटरचा रोज बैठकीत ठरला त्याचं काय?"

"आमच्या यंत्रावर आमची बाई बसते. तिले आमी किती देतो, याची चौकशी तू काऊन करतं?"

यंत्राला ऑपरेटर असतो, पेट्रोल असतं, जोखीम असते, हे सगळं भैयाजींनी धरलं होतं. त्याला मालक असतो आणि तो मालक लुगडं नेसून समोर सुपारी कातरत बसलेला असू शकतो, हे मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी चौदा एकरांवर चौदा हजार वाचत होते. ते हो म्हणाले.

एकोणीस दिवस यंत्र चाललं. चंदा सकाळी सातला खुर्चीवर बसायची. पहिल्या दिवशी धुऱ्यावर तमाशाला यावी तशी गर्दी, दुसऱ्या दिवशी निम्मी, तिसऱ्या दिवशी कोणी नाही. हाताने रोवायच्या कोपऱ्या-काठांच्या बांध्यांवर गटाच्या बाकी बाया होत्या, त्यांचा रोजही त्या एकरी चार हजारांतच धरलेला, आणि त्या वाकलेल्या पाठी पाहून चंदाला दरवेळी वाटायचं की आपण जरा पळूनच आलो आहोत. पण खुर्चीवरून बांधीचं टोक दिसत होतं, पलीकडचं मोहाचं झाड दिसत होतं, रस्त्याने जाणारी पोंभुर्ण्याची एसटी दिसत होती. ती बेहद्द खूश होती. एसटीला ती हात करायची आणि ड्रायव्हर हॉर्न द्यायचा.

भरलेले ट्रे उचलून यंत्रावर ठेवायला माणूस लागत होता. ते काम सुकलूने घेतलं. ट्रे उचलणं हे पुरुषाचंच काम आहे, असं त्याने स्वतःच पारावर जाहीर केलं आणि पानठेल्यावर "मी सध्या मशीनवर असतो" असं सांगायला सुरुवात केली. चंदाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर काम तो चोख करत होता. एकही पट्टी त्याने तुटू दिली नाही.

रोवणा संपला की बोजारा होतो. दरवर्षी मालकाला चिखलात लोळवायचं आणि त्याच्याकडून जेवण वसूल करायचं. यंदा भैयाजींना सवयीने लोळवण्यात आलं, पण कोंबड्या गटाने आपल्या आणल्या. दुपारी अंजनाबाईच्या अंगणात रस्सा रटरटत होता, बाया पाय पसरून बसल्या होत्या, आणि खर्च, पेट्रोल, हप्ता बाजूला काढून झाल्यावर अंजनाबाईने रोज वाटायला घेतला. गटाने आधीच ठरवलं होतं: यंत्रावर जो कोणी राबला त्याला दिवसाचे सहाशे.

"सुकलू, सहाशेनं एकोनीस दिवस," अंजनाबाई म्हणाली.

सुकलूचा चेहरा उजळला. उभ्या आयुष्यात त्याला साडेचारशेच्या वर रोज मिळाला नव्हता. त्याने हात विजारीला पुसले, आजूबाजूला कोण कोण पाहत आहे ते पाहून घेतलं. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "अना हिले किती?"

"तेवढेच. सहाशे."

सुकलूचा पुढे केलेला हात तिथेच थांबला. भर अंगणात कोणी थोबाडीत मारावी तसा तो उभा राहिला.

"म्हंजे... बाईइतकेच?"

"तिच्याइतकेच," अंजनाबाई म्हणाली. "काऊन, कमी हायेत काय?"

सुकलूने बराच विचार केला. त्याच्या कपाळावर तो विचार चालताना दिसत होता. मग तो अगदी शांतपणे, न्यायाची गोष्ट बोलावी तसा म्हणाला, "बाई, त्यापरीस असं करा. मले साडेचारशेच द्या. अना हिले दोनशे वीस."

अंगणात एकच हशा पिकला. एक बाई तर ठसका लागून उठून गेली. चंदा मात्र हसली नाही. तिला काहीतरी आत खोलवर लागलं. एकाच चुलीवर शिजणारं अन्न, एकाच मयुरीची फी. तिच्यापेक्षा वर राहायला मिळावं म्हणून हा माणूस आपल्याच घरातले दिवसाचे पाचशे तीस रुपये चिखलात टाकायला तयार होता. आणि तो हे रागाने म्हणत नव्हता. त्याला ते खरोखर बरोबर वाटत होतं. बावीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याची एवढी मोठी इच्छा तिला आज पहिल्यांदा कळली होती.

तिने पदराला हात पुसले आणि उठून अंजनाबाईशेजारी जाऊन बसली.

"काकू," ती म्हणाली, "मयुरीच्या बाबाले साडेचारशे पायजेत तं साडेचारशे द्या. मानसाचा मान ठेवावा. वरचे दीडशे माह्यात टाका. मले साडेसातशे."

अंजनाबाईने दोघांकडे पाहिलं, तीनही दात दाखवले आणि सुकलूच्या गड्डीतून नोटा मोजून काढायला सुरुवात केली. शंभराची एक निघाली, पन्नासाची एक निघाली. बाया हसायच्या थांबून पाहू लागल्या. दुसऱ्या दिवसाचे दीडशे निघाले. तिसऱ्या दिवसाच्या नोटेला बोट लागलं तेव्हा सुकलू पुढे आला आणि त्याने अंजनाबाईचा हात धरला.

"राहू द्या बाई," तो कोणाकडेही न पाहता म्हणाला. "बाईइतकेच द्या."